लघुपटाचे गुण आधी कागदाला द्यावेत

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली, की आमच्या भागातील महाविद्यालयांत प्रकल्पांचे दिवस सुरू होतात आणि माझ्या दुकानात मुलांचे घोळके येऊ लागतात. मी अंबाजोगाईत गेली सत्तावीस वर्षे लग्नकार्यांचे चित्रीकरण करतो. खांद्यावर व्हीएचएसचा जड कॅमेरा आणि मागे हॅलोजन धरून चालणारा पोरगा, या काळापासून मी या धंद्यात आहे. पूर्वी अकरावी-बारावीची मुले दुकानात येत ती फॉर्मला लावायचे फोटो काढायला. आता ती ‘सर, सात मिनिटांची शॉर्ट फिल्म करून द्यायची आहे, ड्रोनसकट किती घ्याल?’ असे विचारत येतात. मराठीचा प्रकल्प असो, समाजशास्त्राचा असो की पर्यावरणाचा, तक्ते आणि कात्रणवह्या यांची जागा अनेक ठिकाणी लघुपटाने घेतली आहे, आणि या बदलाला माझा विरोध नाही. उलट फोन प्रत्येकाच्या हातात असताना मुलांनी त्यातून काहीतरी रचून दाखवावे, ही कल्पना चांगलीच आहे. तक्रार आहे ती मूल्यमापनाविषयी. गुण दिले जातात ते शेवटी हाती येणाऱ्या चकचकीत फाइलला, आणि तशी फाइल माझ्यासारख्या माणसाकडून पैसे मोजून मिळते.

हे लिहिताना एक कबुली आधी दिली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी एका गटाकडून मी सहा हजार रुपये घेतले आणि एका दिवसात त्यांचा लघुपट उरकून दिला. गोष्ट मी सांगितली, कॅमेरा मी चालवला, जोडकाम माझ्या दुकानातल्या मुलाने केले. विद्यार्थ्यांनी फक्त मी सांगेन तिथे उभे राहायचे आणि मी सांगेन तेव्हा रडायचे, एवढेच काम केले. त्यांना वीसपैकी अठरा गुण मिळाले. पेढे घेऊन ती मुले दुकानात आली, तेव्हा पेढा खाताना मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, या गुणांपैकी निम्मे तरी कॅमेरा हातात घेण्यापूर्वीच्या लेखी तयारीला द्यावेत आणि ती तयारी मुलांनीच केली आहे की नाही, हे त्यांना समोर बसवून तोंडी विचारावे.

असे मी का म्हणतो, हे मागच्या जानेवारीत आलेल्या एका गटावरून सांगतो. अकरावी कला शाखेची सहा मुले होती, चार मुलगे आणि दोन मुली. त्यांच्याकडे एक पानभर गोष्ट होती आणि ती ऐकताना पुढचे वाक्य मी सांगू शकत होतो. भेगाळलेली जमीन, सावकार, झाडाला बांधलेला दोर, आईचा हंबरडा आणि शेवटी वर वर जाणारा ड्रोन. मराठवाड्यातील विद्यार्थ्यांचा लघुपट म्हटला, की बहुतेक वेळा हेच माझ्या वाट्याला येते. मी त्यांना विचारले, ‘जानेवारी चालू आहे, शिवारात हरभऱ्याला घाटे लागलेत, ज्वारी हुरड्यात आली आहे, भेगाळलेली जमीन आणणार कुठून?’ तर उत्तर आले, ‘ती क्लिप नेटवरून घेऊ.’ म्हणजे स्वतःच्या गावाचे चित्रीकरण करायला निघालेली मुले गावाची जमीन इंटरनेटवरून आणणार होती. त्याहून धक्का बसला तो त्यांनी आदल्या दिवशी फोनवर घेतलेले एक दृश्य पाहून. लिंबाच्या फांदीला खरा दोर बांधून, त्याखाली स्टूल ठेवून, एका मुलाला गळ्यात फास घालून उभे केले होते. स्टूल कलले असते तर काय झाले असते, हा विचार सहापैकी एकाच्याही मनात आला नव्हता, आणि शेजारी मोठे माणूसही कोणी नव्हते. पुढे बोलता बोलता कळले की, ऊन परतवण्यासाठी थर्माकोलचा तक्ता धरून जो मुलगा उभा होता, त्याच्या घरी ही गोष्ट खरोखर घडलेली आहे. त्याला कोणी विचारले नव्हते, आणि त्यानेही काही सांगितले नव्हते.

हा विषय वर्ज्य करावा, असे माझे मत नाही. तो आमच्याकडे खोटा नाही. पण ज्या विषयावर बोलताना गटातलाच एक जण गप्प होतो, तो विषय गुणांसाठी उचलला जातो, कारण ‘मराठवाडा म्हणजे हेच’ अशी परीक्षकांची अपेक्षा असते किंवा तशी ती आहे असे मुलांना वाटते. मी त्यांना सांगितले की, एक रुपयाही घेणार नाही, पण आधी कागद आणा. कोणाला काय हवे आहे, ते कुठे घडते, किती वाजता घडते आणि तिथे कोणकोणते आवाज असतात, एवढे लिहून आणा.

चार दिवसांनी ती मुले मुक्कामी गाडीची गोष्ट घेऊन आली. ज्या मुलाने थर्माकोलचा तक्ता धरला होता त्याच्याच गावी, दिवेलागणीला एक एसटी येते, रात्री पाराजवळ उभी राहते, चालक-वाहक गाडीतच झोपतात आणि पहाटे सहाला गाडी परत निघते. गटातील एक मुलगी त्याच गावची. अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर ती याच गाडीने कॉलेजला येते, आणि तिच्या घरून पाळीपाळीने गाडीवाल्यांना पिठलं-भाकरीचा डबा जातो. गोष्ट एवढीच की, एका संध्याकाळी मुलगी डबा घेऊन पारावर बसते आणि गाडी येत नाही. सकाळी तिचा पेपर आहे. हे सांगताना त्या सहाही जणांना एकदम बोलायचे होते. दोराची गोष्ट सांगताना तसे झाले नव्हते.

मग कागदाचे काम सुरू झाले, आणि खरे शिकणे मला तिथेच दिसले. लग्नाच्या कामात जादा छापलेल्या पत्रिका माझ्याकडे पोत्याने पडलेल्या असतात. त्यांच्या कोऱ्या पाठीवर एका पत्रिकेला एक दृश्य, असे त्यांनी काढायला घेतले. संतकवी दासोपंतांनी याच गावात पासोडीवर, म्हणजे जाड कापडावर, ग्रंथ लिहिला, आम्हाला पत्रिका तरी मिळाल्या, असे मी त्यांना गमतीने म्हणालो. काड्यांची माणसे, चौकोनाची गाडी, गोल म्हणजे पार. एकूण एकेचाळीस पत्रिका झाल्या. त्या दुकानाच्या फरशीवर मांडल्यावर मुलांच्या लक्षात आले की, एका पत्रिकेत गाडी उजवीकडून डावीकडे येते आणि पुढच्याच पत्रिकेत ती डावीकडून उजवीकडे येते, म्हणजे पाहणाऱ्याला गाडी गावात आली की गावाबाहेर गेली तेच कळणार नाही. गाडी गावात येईल ती नेहमी उजवीकडून आणि जाईल ती डावीकडून, असे त्यांचे त्यांनीच ठरवले. कॅमेरा रस्त्याच्या एकाच बाजूला ठेवायचा, हा नियम आम्ही लोक वर्षानुवर्षे चुका करून शिकलो. तो त्यांना पत्रिका सरकवताना अर्ध्या तासात सापडला.

पुढची अडचण वेळेची होती. चित्रीकरणाला लागणारा वेळ त्यांनी तीन तास असा लिहिला होता. मी विचारले, ‘गाडी दिवसातून किती वेळा येते?’ एकदाच. म्हणजे गाडी येण्याचे दृश्य चुकले तर चोवीस तास थांबायचे. दोन बाजूंनी घ्यायचे असेल तर दोन फोन किंवा दोन संध्याकाळी. या एका प्रश्नाने एकेचाळीस पत्रिकांच्या सव्वीस झाल्या. एका मुलाने तर असे दाखवून दिले की, न आलेली गाडी दाखवायला गाडी लागतच नाही, रिकामा पार कोणत्याही दिवशी घेता येतो, त्यामुळे एक संध्याकाळ वाचते. परीक्षक असतो तर या एका वाक्याला मी पाच गुण दिले असते.

वाहकाला त्यांनी आधी जाऊन विचारले. ‘मी ड्युटीवर आहे, मला घेऊ नका, गाडीला घ्या,’ असे तो म्हणाला. मुलांनी ते पाळले. चित्रात त्याचा चेहरा कुठेच नाही, खिडकीच्या दांडीला वाळत घातलेला खाकी शर्ट मात्र आहे. पहाटे सहाला जानेवारीत मिट्ट काळोख असतो आणि फोनच्या कॅमेऱ्याला अंधारात नुसत्या मुंग्या दिसतात. त्यावर उपाय असा काढला की, संध्याकाळी गाडी पाराला वळसा घालून उभी राहते तो वळसाच संधिप्रकाशात टिपायचा आणि जोडताना तो पहाटेचे निघणे म्हणून वापरायचा. युक्ती चांगली साधली. पण लघुपट गावात दाखवला तेव्हा पहिल्या रांगेतील एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, ‘अरे, सकाळच्या पारी गुरं गावात कशी येऊ लागली?’ गाडीच्या मागे घराकडे परतणारी गुरे होती, आणि ती ना मुलांना दिसली होती, ना मला.

चुका इतरही झाल्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या संध्याकाळच्या मध्ये मुख्य मुलीच्या चुलतबहिणीचे लग्न आले आणि ती कोपरापर्यंत मेंदी काढून हजर झाली. गोष्टीत मात्र ती त्याच रात्रीची होती. थंडी आहेच, म्हणून तिला आईचा स्वेटर घातला, बाह्या बोटांपर्यंत ओढायला सांगितल्या आणि डबा दोन्ही हातांनी छातीशी धरायला लावला. तिने डबा असा घट्ट धरलेला पाहून एका प्रेक्षकाने नंतर तिच्या अभिनयाचे कौतुक केले. आवाजाची गोष्ट वेगळीच. जानेवारी म्हणजे आमच्याकडे ऊसतोडीचा भर, आणि कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर एवढ्या मोठ्याने गाणी वाजवत जातात की, पारावरचे संवाद एकही धड आले नाहीत. कागदावर ‘कोणते आवाज असतात’ या रकान्यात मुलांनी पिठाची गिरणी, कुत्री आणि मंदिरातली घंटा लिहिली होती, ट्रॅक्टर लिहायचा राहिला, कारण तो त्यांना ऐकूच येईनासा झाला आहे. शेवटी संवाद पुन्हा बोलून घेतले, तेही एका घरातल्या खोलीत, दोन जाड वाकळा डोक्यावरून घेऊन, म्हणजे भिंतींचा घुमारा येऊ नये. त्या खोलीतली अर्धा मिनिट शांतता आणि पारावरची अर्धा मिनिट नुसती गिरगिर वेगवेगळी ध्वनिमुद्रित करून ठेवायला सांगितले होते, ती संवादाखाली घातल्यावर जोड कळेनासा झाला.

तांत्रिक गोष्टींवर फार लिहीत नाही, परंतु दोन गोष्टी शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगाव्यात. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे आणि बहुतेक फोन सेकंदाला ३० चित्रे घेतात, त्यामुळे ट्यूबलाइटखाली पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ चित्रे आणि शटर ५० वर (म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग) ठेवले की ते जातात. दुसरे म्हणजे सगळे फोन सेकंदाला सारखीच चित्रे घेतील असे ठेवले नाहीत, तर जोडताना चित्र धक्के खाते आणि ओठ व आवाज यांची फारकत होते. प्रत्येक दृश्याच्या सुरुवातीला एक टाळी वाजवली तरी आवाज जुळवण्याचे निम्मे काम सोपे होते.

आता महाविद्यालयांविषयी. आमच्या भागातील ज्या महाविद्यालयात ही मुले शिकतात, तिथे प्रकल्प ‘सादर’ करायचा म्हणजे यूट्यूबची सर्वांना दिसेल अशी लिंक द्यायची, असा फतवा होता. मुख्य मुलीच्या वडिलांनी चित्रीकरणाला परवानगी दिली होती ती ‘वर्गात दाखवा, मोबाइलवर फिरवू नका’ या अटीवर. आमच्या भागातील कोणत्याही बापाची ही अट मला अवाजवी वाटत नाही. मुलांनी पेनड्राइव्ह दिला तर तो घेतला गेला नाही. मग लिंक असलेल्यांनाच दिसेल अशा पद्धतीने लघुपट चढवून कसाबसा मार्ग काढावा लागला. अल्पवयीन मुलींचे चेहरे कायमचे जाहीर करण्याची सक्ती वीस गुणांसाठी कशाला, हे कोणी सांगेल काय?

गाण्यांचेही तसेच. इतर गटांनी हिंदी सिनेमाची करुण गाणी पार्श्वभूमीला लावली होती, त्यांपैकी काहींचा आवाज यूट्यूबने बंद करून टाकला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शिकण्या-शिकवण्यासाठी काही सवलती आहेत, परंतु वर्गात दाखवणे वेगळे आणि जगापुढे टाकणे वेगळे, हा फरक मुलांना सांगितलाच जात नाही. आमच्या गटाने गाणे लावले नाही. गिरणीचा पुक-पुक आवाज आणि त्या मुलीच्या आजीने म्हटलेली जात्यावरची एक ओवी, एवढेच संगीत. ओवी घ्यायची कल्पना मुलींची होती, आणि आजीने ती तीन वेळा म्हटली, कारण दोनदा मध्येच फोन वाजला.

परीक्षेत काय झाले, तेही सांगतो. सव्वीस पत्रिका एका जुन्या बुटांच्या खोक्यात घालून मुलांनी सोबत नेल्या होत्या. खोके उघडले गेले नाही. ‘ड्रोन शॉट का नाही?’ असा प्रश्न विचारला गेला आणि वीसपैकी बारा गुण मिळाले. गुण कमी का, याविषयी मला भांडायचे नाही. लघुपटात दोष होते, गुरांचा तर मीच वर सांगितला. पण तीन वर्षांपूर्वी मी केलेल्या कामाला अठरा आणि या मुलांनी केलेल्या कामाला बारा, या हिशेबात नेमके काय मोजले गेले, हे मला समजत नाही.

शिक्षकांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांनाही हे कोणी शिकवलेले नाही. मराठीच्या प्राध्यापकाने कवितेचे रसग्रहण शिकवावे, शब्दरूपे शिकवावीत आणि जोडीला कॅमेऱ्याची दिशाही तपासावी, अशी अपेक्षा ठेवायची तर त्यांना दोन दिवसांचे तरी प्रशिक्षण द्यायला हवे. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट २०१७ पासून देशभर ठिकठिकाणी छोटे अभ्यासक्रम घेत आली आहे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. या दोघांच्या मदतीने जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षकांची शिबिरे घेणे फार खर्चाचे होणार नाही. परवानग्यांबाबतही थोडे मार्गदर्शन हवे. वेरूळ, दौलताबाद, बिबी का मकबरा अशा केंद्रीय संरक्षित स्थळी तिपाई लावायची तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते, हे सहलीला निघालेल्या मुलांना तिथे पोचण्यापूर्वी ठाऊक असावे. राज्याच्या चित्रपट महामंडळाने व्यावसायिक चित्रीकरणासाठी एक खिडकी ठेवली आहे. फोन घेऊन बाजारात किंवा पारावर उभ्या राहणाऱ्या अकरावीच्या सहा मुलांसाठी मात्र प्राचार्यांच्या सहीचे एक पत्र पुरेसे ठरावे, आणि ते पत्र मागितल्याच्या दिवशी मिळावे.

आणि मुख्य मागणी तीच, जी सुरुवातीला केली. दृश्यांचे कागद, चित्रीकरणाची रोजची नोंद, ज्यांचे चेहरे दिसतात त्यांची संमती आणि ‘ठरवले काय होते व झाले काय’ यावर मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली दोन पाने, एवढे तपासले तरी लघुपट कोणी केला हे दहा मिनिटांत कळते. कॅमेरा भाड्याने मिळतो, ड्रोन भाड्याने मिळतो, मीही भाड्याने मिळतो, पण ऐन चित्रीकरणात हातावर मेंदी दिसली तेव्हा काय केले, याचे उत्तर भाड्याने मिळत नाही. गळ्यात दोर घालण्यासारखी दृश्ये तर शिक्षकाने कागदावरच अडवली पाहिजेत, आणि कागदच मागितला नाही तर ती अडवायला जागाच उरत नाही.

यंदा मी विद्यार्थ्यांचे प्रकल्प पैसे घेऊन करून देणे बंद केले आहे आणि तशी पाटी दुकानाबाहेर लावली आहे. माझ्या व्यवसायातील इतरांनीही तसे करावे, असे मी त्यांना भेटून सांगतो आहे. काहींना ते पटते, काहींना पटत नाही, कारण लग्नाचे मुहूर्त नसलेल्या दिवसांत हेच उत्पन्न असते. लग्नपत्रिकांचे कोरे कागद माझ्याकडे कोणत्याही विद्यार्थ्याला फुकट मिळतील. त्या सव्वीस पत्रिकांचे खोकेही मुलांनी माझ्याकडेच ठेवले आहे. ज्या शिक्षकांना ते पाहायचे असेल त्यांनी लग्नतिथी सोडून कोणत्याही दिवशी दुपारी चारनंतर दुकानात यावे.

आपला विश्वासू,
एक चित्रीकरण व्यावसायिक,
अंबाजोगाई, जि. बीड
(मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)